झाकण कुणी लावलं

४ तारीख, शनिवार

आज झालं ते आधी सरळ लिहून टाकते, नाहीतर उद्या मीच मला वेगळं सांगायला लागेन.

गाडी पुलाच्या चढावर तापली. चालवत होते बाबा, म्हणजे माझे सासरे. शेजारी ताई, माझी नणंद. तिला स्टेशनवरून आणायला बाबा गेले होते. काटा लालमध्ये गेला, बॉनेटखालून वाफ यायला लागली आणि बाबांनी गाडी होती तिथेच उभी केली. मागे रांग लागली. लोकांनी हॉर्न वाजवले, एक जण तर खिडकीशी येऊन ‘आजोबा, आता घरी बसा’ असं सांगून गेला. इंजिन निवल्यावर बाबांनी बॉनेट उघडलं तर रेडिएटरचं झाकण अर्धवट लागलेलं. त्या झाकणाला दोन खाचा असतात. पहिलीवर ते नुसतं बसतं, दाबून दुसरीपर्यंत फिरवलं की मग खरं लागतं. पहिलीवरच राहिलं तर आतला दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर निघून जातं. हे मला बाबांनीच शिकवलंय.

घरी आल्यावर ही हकिगतही त्यांनी स्वतःच सांगितली. खुर्चीत बसले, पाणी मागितलं, आणि म्हणाले, "मीच विसरलो असणार. दुसरं कोण हात लावतं त्याला?"

दुसरं कोण हात लावतं ते मला माहीत होतं. मी.

काल शेवटचा पेशंट करून घरी आले. चहा घेतला, इंजिन निवू दिलं आणि सहज बॉनेट उघडून बघितलं. पाण्याच्या पांढऱ्या डब्यात पाणी खालच्या रेघेच्याही खाली होतं. दर रविवारी सकाळी बाबा रेडिएटरचं झाकण उघडून बघतात आणि डबा भरतात. म्हटलं, उन्हानं आटलं असेल. डब्यात ओतून गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण नाही, आपल्याला शहाणपणा करायचा असतो ना. रेडिएटरचंही झाकण काढलं, तिथेही ओतलं. तेवढ्यात फोन वाजला. खांदा होता. (माझे पेशंट मी दुखण्याच्या नावानं ओळखते. खांदा, मणका, दोन्ही गुडघे.) त्याला सोमवारची वेळ बदलून हवी होती. मी फोन मानेत धरून एका हातानं झाकण ठेवलं, फिरवलं, बॉनेट आपटलं आणि आत आले. फिरवलं, पण कुठपर्यंत फिरवलं ते मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजेच दुसऱ्या खाचेपर्यंत नाही.

आज बाबा बोलले त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण ताई समोर उभी होती, आणि मागच्या वर्षी मी हॉस्पिटल सोडून घरोघरी जाऊन व्यायाम करून घ्यायला लागले, त्यासाठी बाबांनी मला गाडी वापरायला दिली, हे ताईला पहिल्यापासून खटकतंय. बाबांनी तेव्हा एकच अट घातली होती की झाकणाला हात लावायचा नाही. "गरम असताना तर नाहीच, आणि थंड असताना मला विचारून." मी मूग गिळून बसले. बाबा पाणी प्यायले आणि कुणी काही विचारलं नसताना पुन्हा म्हणाले, "मीच विसरलो असणार."

५ तारीख, रविवार

सकाळी ताई पुन्हा आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, पण तिला वाटलं की ती उगवतेच. बोलली मात्र हळू. म्हणाली, बाबा, काल आपण थोडक्यात वाचलो, आता गाडी पुरे. पंचाहत्तरी झाली, रिक्षा आहेत, मी आहे, ही आहे. ही म्हणजे मी.

बाबा आयुष्यभर कोर्टात लघुलेखक होते. साक्षीपुराव्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणाले, "आधी गाडी तपासू. झाकणाची स्प्रिंग मऊ झाली असेल, आत दुसरा काही बिघाड असेल, दाब वाढून झाकण सुटलं असेल. दोष गाडीत निघाला तर मी सुटलो. नाही निघाला तर किल्ली तुझ्या हातात देईन. स्वतः देईन."

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू त्यांच्याबरोबर थांब हं तपासताना." बाबांवर लक्ष ठेव, असं तिला म्हणायचं होतं. मी मान हलवली. आरोपीलाच पंच नेमलं.

ती गेल्यावर बाबांनी थोरल्या काकांचा विषय काढला. त्यांचे मोठे भाऊ. शेवटी शेवटी काका बायकोला ‘बाई, तुम्ही कोण’ असं विचारायचे. बाबा म्हणाले, "दादाचंही अशा बारीकसारीक गोष्टींपासूनच सुरू झालं होतं." मग त्यांनी मला विचारलं, चहा घेतलास का. मी हो म्हटलं. कपबशा विसळून आले तर पुन्हा विचारलं. घाबरलेत बिचारे. माणूस घाबरला की असंच होतं.

सांगायला हवं. उद्या सांगते.

७ तारीख, मंगळवार

सांगितलं नाही. दोन्ही दिवस बसनं पेशंट केले आणि मणक्याकडे उशिरा पोचले म्हणून बोलणी खाल्ली. म्हणजे गाडीची मला किती गरज आहे ते कळलंच.

तपास सुरू झाला. काल संध्याकाळी बाबांनी गाडीखाली पुठ्ठा अंथरला. कुठे गळत असेल तर सकाळी डाग दिसेल. आज सकाळी मी दात घासायच्या आधी चपला घालून बाहेर पळाले. एक थेंब दिसू दे म्हणून देवाला साकडं घातलं असतं, इतकी वेळ आली होती माझ्यावर. पुठ्ठा ठणठणीत कोरडा.

मग रबरी नळ्या. वरची, खालची, हीटरची. बाबा एकेक दाबून बघत होते, मी बॅटरी धरून. मऊ नाहीत, फुगलेल्या नाहीत, चिरा नाहीत, क्लिपा घट्ट. प्रत्येक नळीनंतर बाबा म्हणायचे, "ही ठीक आहे," आणि त्यांचा चेहरा जरा जरा उतरायचा. असा तपास मी जन्मात पाहिला नाही. गाडी धडधाकट निघावी म्हणून माणसं तपासतात, आणि आम्ही दोघं कुठेतरी फुटलेली निघावी म्हणून तपासतोय. फरक एवढाच की त्यांना खरं शोधायचंय आणि मला ते झाकायला काहीतरी हवंय.

८ तारीख, बुधवार

आज पंखा, पंप, तेल. गाडी अंगणात चालू ठेवली. काटा मधोमध आला की पंखा आपोआप सुरू व्हायला हवा, आणि आगाऊ पोरासारखा तो अगदी वेळेवर सुरू झाला. वॉटर पंपाची चकती हलवून पाहिली, जराही ढिली नाही. तेलाची पट्टी काढली. तेलात पाणी मिसळलं असतं तर ते साईसारखं दिसलं असतं, पण होतं तसंच काळं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नाहीत, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातली गॅस्केटही शाबूत. एवढी तापूनही गाडीला काही झालं नाही याचा कुठल्याही शहाण्या बाईला आनंद झाला असता.

हात धुताना बाबा म्हणाले, "नळ्या बघायच्या राहिल्या की."

मी म्हटलं, काल बघितल्या ना.

"बघितल्या?"

"बाबा, एकेक दाबून बघितली तुम्ही. मी बॅटरी धरली होती." आवाज चढलाच माझा. त्यांना खात्रीच पटत नाही, म्हणून तेच तेच उकरून काढतात. ते ‘हो हो, बरोबर’ म्हणाले आणि टॉवेल शोधायला लागले. टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. मी दिसेल असा ओढून दिला तर लाजून हसले.

ज्या माणसानं मला या घरात आल्यापासून एकदाही उणंदुणं ऐकवलं नाही, त्याच्यावर ओरडले, आणि तेही कशावरून.

११ तारीख, शनिवार

खुद्द झाकणच तपासायचं राहिलं होतं. कोपऱ्यावर स्पेअरपार्टवाला आहे, त्याच्याकडे दाब तपासायचा पंप आहे. काल बाबा झाकण रुमालात गुंडाळून घेऊन गेले, जसं काही दवाखान्यात दाखवायला. मी बरोबर होते. त्यानं पंप लावला, काटा बघितला आणि म्हणाला, एकदम छान आहे काका, अजून दहा वर्षं बघायला नको. बाबांनी त्याला धन्यवाद दिले. बिचाऱ्याला काय कल्पना, त्यानं काय निकाल दिला ते.

बाबांनी रेडिएटरच्या पाण्यात घालायच्या कूलंटचा एक कॅन घेतला. आज दुपारी मी गुडघ्यांकडून आले तर कपाटात तसेच दोन. म्हटलं, दोन कशाला? ते म्हणाले, एकच तर आणलाय. मग दोन्हीकडे बघत राहिले आणि म्हणाले, असू दे, लागतो. माझ्या गुन्ह्यानं हा माणूस पार हबकून गेलाय. हे असंच चाललं तर खरंच आजारी पडेल.

आता एकच गोष्ट उरली. थर्मोस्टॅट. इंजिन गरम झालं की हा झडपेसारखा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. अडकला तर गाडी तापते. तो काढून गरम पाण्यात टाकून बघायचा. सोमवारी काढू म्हणालेत.

माझ्या डोक्यात काय आलंय ते लिहायलाही लाज वाटते. लिहीत नाही.

१३ तारीख, सोमवार

केलंच मी ते.

सकाळी बाबांनी थर्मोस्टॅट काढून दिला. हातात मावेल एवढी पितळी वस्तू. दुपारी ते पडले होते तेव्हा मी चहाचं जुनं पातेलं गॅसवर ठेवलं, दोऱ्याला बांधून तो पाण्यात सोडला आणि वाट बघत उभी राहिले. ‘अडक, मेल्या, अडक’ असं तोंडानं म्हणत होते. पाणी कुठे नीट उकळीला येतंय तोच झडप उघडली. पूर्ण. गॅस बंद केला, पाणी निवलं, तशी परत मिटली. इतकी सालस वस्तू मी पाहिली नाही.

बाबा उठल्यावर मी म्हटलं, "बाबा, उघडत नाहीये. पाणी खळखळा उकळलं तरी बंदच. हाच तो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मग शर्टाची बटणं लावायला लागले, चुकली, परत लावली. लगेच जाऊन नवीन थर्मोस्टॅट आणला आणि संध्याकाळच्या आत बसवलाही. बसवताना गुणगुणत होते. जेवताना भात परत घेतला. ताईला फोन करून म्हणाले, "निकाल लागला. थर्मोस्टॅट अडकत होता, दाब वाढला आणि झाकण वर आलं. मी निर्दोष." पलीकडून ताई काहीतरी बोलली, त्यावर मोठ्यानं हसले.

आणि मी? मीही खूश. खोटं बोलून कुणाचं वाईट झालं नाही, वस्तूवर आळ घेतला, तिला काय वाटणारेय, असं मी माझंच समाधान करून घेतलं. भांडी घासता घासता मला चक्क अभिमान वाटत होता.

१६ तारीख, गुरुवार

कानाला खडा. मी आयुष्यात पुन्हा असलं काही करणार नाही, पण आता त्याचा उपयोग काय?

जुना थर्मोस्टॅट मी टाकून द्यायला हवा होता. टाकला नाही, खिडकीत तसाच राहिला. आज मी कामावरून आले तर बाबा स्वयंपाकघरात. तेच पातेलं, तोच दोरा. त्यांना उगाच बघायचं होतं, अडकलेला कसा दिसतो ते. हौस म्हणून.

"इकडे ये," ते म्हणाले. "तुला काय दिसतं ते सांग."

झडप सताड उघडी होती. वाफेत त्यांचा चष्मा धुरकटला होता. तो त्यांनी काढला, पुसला, घातला, परत वाकून बघितलं. "तुझ्यासमोर उघडत नव्हता. माझ्यासमोर मला उघडलेला दिसतोय. मला जे दिसतंय ते खरंच आहे का, एवढंच सांग मला."

मी खोटं बोलले असेन ही शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही. त्यांना शंका होती ती स्वतःच्या डोळ्यांची. आणि मी, देवा, ‘बंदच आहे’ म्हणायला तोंड उघडलं होतं. अगदी जिभेच्या टोकावर होतं. तेवढं बोलले असते तर माझी लबाडी टिकली असती आणि ते वेडे ठरले असते. ते माझ्याकडे असे बघत होते जसे माझे पेशंट बघतात, चालता येईल ना परत, असं विचारताना.

मी म्हटलं, "उघडलाय, बाबा. त्या दिवशी मी घाई केली असेल. पाणी नीट तापलंच नसेल."

त्यांनी सुस्कारा सोडला. डोळ्यांवरचं संकट टळलं म्हणून. मग गॅस बंद केला, आणि तिथेच, पातेल्याकडे बघता बघता त्यांना पुढचं कळलं. "म्हणजे हा ठीक आहे," ते म्हणाले. "म्हणजे सगळंच ठीक आहे."

खोलीत गेले आणि ताईला फोन लावला. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. सगळा वृत्तान्त त्यांनी क्रमानं सांगितला. गळती नाही, नळ्या ठीक, पंखा ठीक, पंप ठीक, झाकण ठीक, थर्मोस्टॅट ठीक. एकही शब्द अडखळला नाही. शेवटी म्हणाले, "गाडीचा दोष नाही. रविवारी ये, किल्ली घेऊन जा."

१९ तारीख, रविवार

ताई आली. बाबांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. किल्ली टेबलावर ठेवली आणि बोटानं तिच्यासमोर सरकवली. ताईचे डोळे भरले. मला वाटत होतं तशी ती दुष्ट नाही. दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं.

ताईनं हळूच सांगितलं की तिनं एका डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतलीय. स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी. काही नसेलच, पण एकदा बघून घेऊ. बाबा म्हणाले, "बघू या. दादालाही वेळेवर दाखवायला हवं होतं."

मग ताईनं काय करावं? किल्ली उचलली आणि माझ्या हातात दिली. "तुझं काम अडतंय. तू चालव आता. बाबांना लागेल तिथे तूच ने." बाबाही म्हणाले, हो हो, तूच चालव, तुझा हात छान आहे.

मी घेतली. हात पुढे केला आणि घेतली. आंघोळ करताना रडले, नळ सोडून.

२० तारीख, सोमवार

गाडी काय सुरेख चालते. काटा मधोमध, हलत नाही. सगळे पेशंट वेळेवर. पुलाच्या चढावर मला घाम फुटला, इंजिनाला नाही.

एरवी गाडीचा आवाज आला की बाबा ओट्यावर येतात, बॉनेटला हात लावून किती तापलंय बघतात. आज आले नाहीत. आत खुर्चीत बसून होते. मी दिसल्यावर म्हणाले, गॅस बंद आहे का बघ. बंद होता. थोड्या वेळानं परत म्हणाले. नंतर म्हणाले, मी औषध घेतलं का? मला कसं माहीत असणार? स्वतःवरचा विश्वासच उडालाय त्यांचा. तो मी घालवलाय.

दुपारी नवऱ्याला फोन केला. तो साइटवर असतो, महिन्याकाठी एकदा येतो. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता नको बोलूस. कसं का होईना, गाडी सुटली त्यांची. कधीतरी हे करायचंच होतं."

मी फोन ठेवून दिला. राग त्याचा आला नाही. गेले कितीतरी दिवस मी स्वतःला अगदी हेच, याच शब्दांत सांगत आलेय, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती घाण वाटलं. बाबांना तपासायला नेतायत, ते मी केलेल्या चुकीसाठी. तिथे बसून ते घाबरतील, काहीतरी चुकीचं सांगतील आणि कायमचा शिक्का बसेल. बुधवारच्या आत बोलायचं. गाडी गेली तर गेली, बसनं जाईन.

२२ तारीख, बुधवार

बोलले.

ताई बाबांना न्यायला आली होती. बाबा बूट घालत होते. मी म्हटलं, थांबा, मला काहीतरी सांगायचंय, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शुक्रवार, फोन, झाकण, पातेलं. थर्मोस्टॅटचं खोटंही सांगितलं. ताईच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. बाबांच्या हातातल्या बुटाकडे बघत होते.

मग बाबांनी विचारलं, "म्हणजे रविवारी मी झाकण नीट लावलं होतं?"

"हो बाबा."

"दुसऱ्या खाचेपर्यंत?"

"तुम्ही लावलेलं मी काढलं, तेव्हा घट्ट होतं. जोर लावावा लागला."

"घट्ट होतं," ते म्हणाले. बूट खाली ठेवला. मला वाटलं आता बोलतील, काय वाट्टेल ते बोलोत, मी तयार होते. एक तरी सणसणीत शब्द यावा म्हणून मी जवळजवळ वाट बघत होते. ते उठले, माझ्याजवळ आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "थँक्यू."

आणि रडायला लागले. रडता रडता हसत होते. "थँक्यू, पोरी. फार मोठं ओझं उतरवलंस." माझ्या हाताची पकड सोडेनात. ज्या माणसाला मी एवढे दिवस जिवंत जाळलं, तो माझे आभार मानत होता, आणि मनापासून. याच्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर मी नीट उभी राहू शकले असते.

ताई बोलली, आणि जे बोलली ते मला लागू होतं, म्हणून इथे उतरवत नाही. तिचं झाल्यावर तिनं एक विचारलं, "पण तू झाकण उघडलंसच कशाला?"

मी म्हटलं, डब्यात पाणी कमी होतं. रेघेच्या खाली.

"कमी होतं?" बाबांनी विचारलं. जरा थांबले. "रविवारी तर मी..." मग हात झटकला. "उन्हानं आटलं असेल."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. काहीतरी म्हणणार होती, पण बाबांनी बूट कधीच काढून ठेवले होते. म्हणाले, डॉक्टरांना फोन कर, येत नाही म्हणावं, ज्यासाठी जायचं होतं ते कारणच संपलं. मीही म्हटलं, हो ताई, आता कशाला उगाच? माझ्यामुळे त्यांना तिथे बसवायचं माझ्या जिवावर आलं होतं. ताईनं फोन केला. जाताना माझ्याशी बोलली नाही. मला ते बरंच वाटलं, कुणीतरी चिडायला हवं होतं.

२४ तारीख, शुक्रवार

बाबा कालपासून सगळ्यांना सांगत सुटलेत. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, पेपर टाकणाऱ्याला. "आमच्या सुनेनं झाकण अर्धवट लावलं होतं हो. मी नव्हे." एवढ्या कौतुकानं सांगतात की जसं मी काही बक्षीस आणलंय. समोरचा माझ्याकडे बघतो आणि मी म्हणते, हो, मीच. हीच माझी शिक्षा आहे आणि ती कमीच आहे. लाजेनं कान तापतात, पण त्यांचा चेहरा बघितला की वाटतं, सांगू देत, गावभर सांगू देत.

काल संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या स्पेअरपार्टवाल्याकडे गेलो होतो, जादाचा कूलंटचा कॅन परत द्यायला. बाबांनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, पुलापासून पातेल्यापर्यंत. तो खूप हसला. मला म्हणाला, वहिनी, झाकण लावताना फोन घ्यायचा नाही.

आज पेशंट संपवून आले तर बाबा फाटकातच उभे. म्हणाले, चल, गाडीनंच जरा कोपऱ्यावर जाऊन येऊ. मी म्हटलं, काय आणायचंय? म्हणाले, आणायचं काही नाही, त्या पोराला सांगायचंय, झाकण तपासून दिलं होतं ना त्यानं, त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही पुढे काय झालं.

मला वाटलं, गंमत करतायत.

दुकानात गेल्यावर त्यांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि सुरुवात केली. पूल, वाफ, ती रांग, पहिली खाच, दुसरी खाच. शब्द न् शब्द तोच. दुकानदार आधी हसला, मग हसायचा थांबला, आणि माझ्याकडे बघायला लागला. "काका, काल तुम्ही..." तो म्हणाला.

"हो, मीच," मी मध्येच म्हटलं. "मीच लावलं होतं अर्धवट. दुसऱ्या खाचेपर्यंत फिरवलंच नाही."

इतके खूश आहेत ना, की कुणाला सांगितलं नि कुणाला नाही याचा त्यांना पत्ता राहत नाही. इतक्या दिवसांचं मनावर होतं, तर हे व्हायचंच. दुकानदारानं मान डोलावली आणि उगाच एक स्क्रू उचलून पुसायला लागला. बाबांनी त्याचा निरोप घेतला, बाहेर आले आणि गाडीच्या दाराशी उभं राहून माझ्यापुढे हात पसरला. म्हणाले, आता मी चालवतो.

दुकानदार दारात येऊन बघत होता. बाबांचा हात तसाच पुढे होता.

मी किल्ली दिली.